माडीसुद्धा मोजावी लागते

‘दारू घेता का?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाला कोकण किनाऱ्यावर एक ठरलेले उत्तर आहे: ‘छे, दारू नाही. कधीतरी माडी.’ केसपेपरवर ‘व्यसन नाही’ अशी नोंद होते आणि औषधे लिहून दिली जातात. त्या ‘कधीतरी’चा अर्थ आठवड्यातून एक ग्लास की रोज संध्याकाळी तांब्याभर, हे कोणी विचारत नाही. बोर्ली पंचतन, दिवेआगर, श्रीवर्धन हा पट्टा नारळी-पोफळीच्या वाड्यांचा. येथे माडी ही बाजारातून आणायची चीज नसून वाडीतली वस्तू समजली जाते. म्हणूनच तिचे माप कोणी ठेवत नाही. आरोग्याच्या दृष्टीने खरी अडचण हीच आहे.

माडाच्या पोयीला चीर देऊन झिरपणारा रस मडक्यात धरतात. तो ताजा असताना गोड असतो, कारण त्यात साधारण १० ते १५ टक्के साखर असते. हवेतले आणि मडक्यातले यीस्ट लगेच कामाला लागते. मडक्याला आतून चुना लावला तर हे काम थोपते आणि रस नीरा म्हणून गोड राहतो. चुना नसेल, तर काही तासांतच साखरेची दारू होऊ लागते. सकाळी उतरवलेल्या माडीत संध्याकाळपर्यंत साधारण ४ ते ५ टक्के अल्कोहोल तयार होते, म्हणजे जवळपास बिअरइतकेच. पुढे दुसरे जिवाणू त्या अल्कोहोलचे आम्ल करतात आणि माडी आंबट होत होत शेवटी शिरका बनते. थोडक्यात, माडी कधी एका जागी थांबत नाही. सकाळची, संध्याकाळची आणि दुसऱ्या दिवसाची माडी ही तीन वेगवेगळी पेये आहेत.

आता हिशेब करू. पाच टक्क्यांच्या एक लिटर माडीत ५० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या दीड बाटल्यांत तेवढेच असते. पाहुणे येणार म्हणून भरून ठेवलेला पाच लिटरचा कॅन म्हणजे घरात आणून ठेवलेल्या बिअरच्या साडेसात बाटल्या. बाटल्या टेबलावर मांडल्या तर घरातले कोणीतरी हटकेल. कॅन कोपऱ्यात असतो, म्हणून कोणी हटकत नाही. त्यात माडी टिकत नाही. ‘उद्या आंबट होईल, आजच संपवू’ असे म्हणत माणूस ठरवले त्याहून जास्त पितो. किती प्यायचे हे तहान ठरवत नाही, घरातला साठा ठरवतो.

घरात गाळायच्या पेयांचे माप इतर देशांत कायद्यानेच घातलेले दिसते. अमेरिकेत हौशी लोक सफरचंदाच्या रसापासून सायडर नावाचे आंबवलेले पेय घरीच बनवतात. तेथील केंद्रीय नियमानुसार दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला विक्री न करण्याच्या अटीवर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बनवता येते. आकडा कायद्याचा आहे, पण तो आरोग्याचा नाही. रोजचे दोन लिटर, तेही पाच-सहा टक्क्यांचे, दोघांत वाटले तरी प्रत्येकाच्या वाट्याला रोज ४० ते ५० ग्रॅम अल्कोहोल येते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की, अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. अल्कोहोलमुळे कर्करोग होतो, हे तर १९८८ पासून मान्य झालेले आहे. कायद्याने चालते म्हणून यकृताला चालत नाही.

आपल्याकडे नेमके उलट आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय झाड छेदणे आणि माडी काढणे हा गुन्हा आहे. त्यामुळे घरातल्या साठ्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. कायद्याची भीती आणि ‘ही काय दारू आहे का?’ हा समज, या दोहोंच्या मध्ये रुग्णाची खरी माहिती हरवते.

साठवणुकीचा धोका तर अगदी दृश्य आहे. साखरेपासून जितक्या वजनाचे अल्कोहोल होते, जवळपास तितक्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. लिटरभर रसातली १०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली, तर सुमारे २५ लिटर वायू तयार होतो. म्हसळा-माणगावमार्गे पुण्या-मुंबईकडे परतणारे पर्यटक घट्ट झाकणाच्या बाटलीत माडी घेऊन निघतात आणि ती उन्हात तापलेल्या गाडीत ठेवतात. काचेची बाटली अशा वेळी फुटू शकते. फ्रिजमध्ये आंबण्याचा वेग मंदावतो, पण ते थांबत नाही. कीटकनाशकाचा किंवा रंगाचा रिकामा कॅन धुऊन त्यात माडी भरणे तर सरळ विषाशी खेळ आहे.

यापेक्षा मोठा धोका भेसळीचा. माडाच्या शुद्ध रसातून जीवघेण्या प्रमाणात मिथेनॉल तयार होत नाही. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसे गेली, ती दारू म्हणून विकलेल्या मिथेनॉलमुळे. ताडी-माडीत होणारी भेसळ वेगळ्या प्रकारची असते: पाणी, सॅकरिन आणि गुंगीसाठी क्लोरल हायड्रेट किंवा अल्प्राझोलामसारखी औषधे. महाराष्ट्रात आणि तेलंगणात अशी प्रकरणे उघडकीस आली आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातील हजारो माड-पोफळी आडव्या केल्या. नवा माड रस देण्याजोगा व्हायला काही वर्षे जातात. झाडे कमी आणि गिऱ्हाईक तेवढेच असले की भेसळीचा मोह वाढतो. कोणत्या झाडाची हे ठाऊक नसलेली माडी नाकारणेच शहाणपणाचे.

माडीत ‘ब’ गटातील काही जीवनसत्त्वे असतात, माड छेदणे हे भंडारी समाजाचे पिढीजात कसब आहे, हे सारे खरे. ते कसब टिकावे, नीरेला चांगली बाजारपेठ मिळावी, असे आम्हालाही वाटते. पण जीवनसत्त्वे डाळ-भाजीतूनही मिळतात आणि परंपरेचा मान राखण्यासाठी रोज लिटरभर पिण्याची गरज नसते.

करायला हवे ते फार अवघड नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी आणि आशाताईंनी ‘दारू घेता का?’ एवढ्यावर न थांबता ‘माडी किती ग्लास, आठवड्यातून किती दिवस?’ असे विचारावे, आणि हे उत्तर फक्त उपचारासाठी आहे, असा विश्वास द्यावा. मधुमेहाची, झोपेची किंवा फिट्सची औषधे घेणाऱ्यांनी ही माहिती लपवू नये, कारण अल्कोहोलमुळे या औषधांचा परिणाम धोकादायक होऊ शकतो. गरोदर स्त्रीला ‘ताकदीसाठी’ माडी देऊ नये. गाडी चालवणाऱ्याने लक्षात ठेवावे की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा माडीलाही लागू आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडावी, कारण अचानक तोडल्यास कंप, भ्रम आणि झटके येऊ शकतात.

आणि घरात कॅन भरून ठेवण्याची सवय तर आजच मोडता येईल. दूध, तेल, रॉकेल आपण लिटरात मोजत आलो. माडीलाही तेच माप लावले, तर ‘कधीतरी’ या शब्दाआड किती लपले होते, ते घरातल्या घरातच कळेल.