सोयाबीनची परतीची वाट

आहारसल्ला देणाऱ्या आपल्या मंडळींना अलीकडे माहितीपटाचा मोठा भरवसा वाटू लागला आहे. शिबिरात पडदा टांगायचा, ‘फूड, इंक.’ नाहीतर ‘सुपर साइझ मी’ लावायचा. दिवे लागले की माणसं सुन्न बसलेली दिसतात आणि काम झालं असं आपण समजतो.

माया माथुर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘न्यूट्रिएंट्स’ या नियतकालिकात याची पडताळणी मांडली. मांसाहार कमी व्हावा म्हणून केलेला एक छोटा माहितीपट लोकांना दाखवला. लगेच विचारलं तर कमी खायचा इरादा वाढलेला दिसला. बारा दिवसांनी खाण्याची चौकशी केली, तर फारसा फरक नव्हता. ‘सुपर साइझ मी’ची गत आणखी वाईट. ३० दिवस मॅकडोनाल्ड्सचंच खाणाऱ्या मॉर्गन स्परलॉकच्या यकृताचा बिघाड २००४ मध्ये जगानं पाहिला. २०१७ मध्ये त्यानं आपल्या दारूच्या सवयीची कबुली दिली आणि यकृताचा दोष एकट्या मॅकडोनाल्ड्सवर टाकता येईना. तो सिनेमा पुरावा म्हणून दाखवणारे तोंडघशी पडले.

आता हेच सिनेमे अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्यात लावून बघा. अमेरिकेतल्या कोंबड्यांच्या शेड दिसल्या की मागून कुणीतरी म्हणणारच, ‘‘हे तं तिकडचं हाय, भाऊ.’’ त्याला हसू नका. त्याचं स्वतःचं सोयाबीन कुठे जातं, हे आपण त्याला कधी दाखवलं? बाजार समितीतून ते तेलाच्या प्लँटला जातं. दाण्यात तेल असतं अठरा-वीस टक्के. ते हेक्झेननं ओढून काढतात, रिफाइन करतात आणि पिशवीत भरून त्याच्याच गल्लीतल्या किराणा दुकानात पाठवतात. (हेक्झेन नंतर उडवून टाकतात, तेव्हा विषाची भीती घालू नका, असला अर्धवट धाक आपल्याच अंगाशी येतो.) उरलेली पेंड, म्हणजे डीओसी, कोंबडीखाद्यात जाते आणि पाच-सहा आठवड्यांत ब्रॉयलर तयार. सरकीचंही तसंच: तेल माणसाला, ढेप म्हशीला. जून २०१९ मध्ये शेजारच्या अकोट तालुक्यात, अकोली जहागीरला, शेतकऱ्यांनी परवानगी नसलेलं तणनाशकरोधक बीटी कापूस बियाणं उघडपणे पेरलं. चर्चा तणाची, निंदणाच्या मजुरीची, बियाण्याच्या स्वातंत्र्याची झाली. त्या सरकीचं तेल कुणाच्या कढईत पडेल, हा प्रश्न आपण विचारायचा होता.

‘भाकर खा’ हा सल्ला आपण सहज देतो. जवारी आणायची कुठून? पाखरं, मजुरी, भाव यांनी ती मागे पडली आणि तिच्या जागी सोयाबीन आलं. ज्या घरात कळण्याची भाकर आणि जवसाची चटणी रोजची होती, तिथे आता विकतची जवारी गव्हापेक्षा महाग पडली, तर सिनेमा कितीही हलवून सोडो, बाई पोळ्याच लाटणार. तिचं गणित बरोबर आहे. म्हणून पडदा टांगण्याआधी गावात जवारी कोण पेरतो, घाणी कुठे चालते, भाव काय, एवढं विचारून घ्या आणि सिनेमा संपल्यावर तिथेच जवारी किलो-किलोनं विकायला ठेवा.

आणि सिनेमाही आपलाच काढा. फोन पुरेल. यंदाच्या हंगामात एका पोत्याच्या मागे तेल्हाऱ्याच्या बाजार समितीपासून किराणा दुकानापर्यंत जा. दहा मिनिटांचं झालं तरी पुष्कळ. दाखवल्यावर टाळ्या मोजू नका. बारा दिवसांनी त्याच घरी जाऊन पिठाचा डबा उघडा आणि आत काय दिसलं ते आम्हाला कळवा.