आडनाव हरवलेला शिल्पी

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याचे श्रेय कोणाचे, असे विचारताच दोन नावे पुढे येतात: मातेच्या स्मरणार्थ द्रव्य देणारे प्रेमचंद रायचंद आणि आराखडा करणारे सर गिल्बर्ट स्कॉट. यांपैकी स्कॉटसाहेबांनी हिंदुस्थानात कधी पाऊलही ठेवले नाही. १ मार्च १८६९ रोजी कोनशिला बसली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये २८० फुटांचे हे काम पुरे झाले. मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींचे जे पुतळे आहेत, त्यांचे नमुने रावबहादुर मुकुंद रामचंद्र या असिस्टंट इंजिनिअरने घडविले. पागोट्याचा पीळ आणि धोतराचा कासोटा लंडनच्या कचेरीत बसून कळणारा नव्हे. मनोऱ्याचा सांगाडा परका असला, तरी त्याचे चेहरे या मातीतले आहेत, ते या गृहस्थामुळे.

अशा माणसाचे चरित्र लिहू जाणाऱ्याला पहिला अडथळा नावाचाच. इंग्रजी कागदांत ते कोठे मुकुंद, कोठे मकुंद, कोठे मुक्कुंद. आडनाव नाहीच; नाव आणि बापाचे नाव एवढ्यावर सरकारी दप्तराचे भागत असे. १८७८ ते १८८८ या काळात बोरीबंदरचे भव्य स्थानक उभे राहिले. तेथे स्थापत्यकार स्टीव्हन्स यांचे साहाय्यक सीताराम खंडेराव होते, त्यांचीही गत हीच. शेजारच्या हायकोर्टात हाती तराजू घेतलेले माकड कोरलेले आहे. त्यामागे कोणा कंत्राटदाराचा राग असल्याची दंतकथा वाटाडे मोठ्या चवीने सांगतात. कारागिराचा राग लोकांनी लक्षात ठेवला, नाव ठेवले नाही!

तथापि साधने नाहीतच, ही सबब लंगडी आहे. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य अभिलेखागारात बांधकामाचे कागद आहेत. पण तेथे शोध थांबता कामा नये. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्या नोंदल्या आहेत. नाव, बाप, आजा, मूळ गाव, कधी हातची सही. जे आडनाव साहेबाने गाळले, ते क्षेत्रोपाध्यायाने टिपले असण्याचा संभव आहे. इंग्रजी अहवाल आणि उपाध्यायाची वही एकमेकांशेजारी ठेवल्याखेरीज या मंडळींचे चरित्र उभे राहणार नाही. त्यासाठी मोडी वाचता आली पाहिजे. स्थापत्याचा अभ्यासक बहुधा मोडी शिकत नाही आणि मोडीचा जाणकार पेशवाईपलीकडे क्वचितच येतो.

मनोऱ्याचा जीर्णोद्धार २०१५ मध्ये झाला. २०१८ मध्ये परिसरातील व्हिक्टोरियन इमारती युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या. दगड धुऊन निघाला, हे उत्तमच. आता विद्यापीठाने स्वतःच्याच मनोऱ्यापासून आरंभ करावा: दोन-तीन मोडीज्ञ संशोधक नेमावेत, त्यांना प्रवासखर्च द्यावा आणि मुकुंद रामचंद्रांपासून सुरुवात करून एकेका नावाचा माग काढवावा. जीर्णोद्धाराच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. मात्र तो लवकर व्हावयास हवा. उपाध्यायांच्या वह्या खासगी घरांत आहेत, त्यांची मुले दुसऱ्या व्यवसायांत जात आहेत. आणि जुने वाडे पाडताना माळ्यावरचे रुमाल कोणी सोडून पाहत नाही.