दुकानाची वही आणि बँकेचे पासबुक

मृग लागण्यापूर्वीच्या पंधरवड्यात हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या बाजारपेठेत जावे, कृषी सेवा केंद्रांपुढील गर्दी चटकन नजरेत भरते. बियाणे, खत, तणनाशक अशी खरेदी चाललेली असते. परंतु त्यातील बरीचशी रोखीने होत नाही. ती 'खात्यावर' होते. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आगेमागे आणि हळदीचे पुढल्या उन्हाळ्यात यावयाचे, तोवर दुकानदाराने थांबावे, असा हा व्यवहार. तो इतका अंगवळणी पडला आहे की, त्याला कर्ज म्हणावे असे कुणाच्या मनातही येत नाही. बँकेचे असते ते कर्ज. दुकानाची असते ती उधारी. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, शेतकऱ्याच्या डोक्यावरील सर्वांत महाग कर्ज पुष्कळदा हेच असते आणि ते उतरवून स्वस्त कर्जात नेण्याचे काम घरातील शिकलेल्या, नोकरीतल्या माणसाने अंगावर घेतले पाहिजे.

उधारीला व्याज नसते, हा समज खोटा आहे. ते भावात मुरलेले असते, एवढेच. समजा, जूनमध्ये एकाने रोखीच्या भावाने 20,000 रुपये किमतीचा माल उचलला आणि वहीत 22,000 मांडले गेले. नोव्हेंबरात फेड झाली. पाच महिन्यांना 2,000 म्हणजे वर्षाला शेकडा 24. हिशेब येथेच संपला तर एक वेळ चालेल. परंतु उधारी देणारा आणि शेतमाल घेणारा एकच असला, म्हणजे आपले सोयाबीन दुसऱ्याच्या काट्यावर नेण्याची मोकळीक शेतकऱ्याला उरत नाही. क्विंटलमागे 200 रुपये कमी मिळाले आणि माल 15 क्विंटल असला, तर आणखी 3,000 गेले. एकूण 5,000, वर्षाला शेकडा 60. हेच 20,000 रुपये 7 टक्क्यांच्या पीककर्जातून उचलले असते, तर पाच महिन्यांचे व्याज 583 रुपये झाले असते.

आणखी एक तुलना करण्याजोगी आहे. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याला द्यावयाच्या कर्जाचे कमाल दर ठरवून देण्यात आले: तारण असल्यास वर्षाला 9 टक्के, विनातारण 12 टक्के. म्हणजे ज्या सावकाराच्या नावाने आपण बोटे मोडतो, तो कायद्याने वागला तर वरील दुकानापेक्षा स्वस्त पडतो! दुकानाच्या वहीत 'व्याज' हा रकानाच नसल्यामुळे ही तुलना कोणी करीत नाही. युरियाच्या 45 किलोच्या गोणीची किंमत 266 रुपये 50 पैसे अशी सरकारने बांधून दिलेली असल्याने तेथे भाव चढविणे अवघड. मग तो बोजा फवारणीच्या औषधांवर, टॉनिकांवर किंवा 'लिंकिंग'च्या नावाने गळ्यात मारलेल्या मालावर सरकतो.

याचा अर्थ दुकानदार दुष्ट आहे, असा मुळीच नाही. तोही वितरकाकडून उधारीनेच माल आणतो. त्याची काही खाती बुडतात आणि बुडालेल्यांचा भार फेडणाऱ्यांवर पडतो. शिवाय तो सातबारा मागत नाही, जामीन मागत नाही, रात्री आठ वाजता गेले तरी गोणी देतो. बँकेला हे जमलेले नाही.

वास्तविक बँकेने हे करावे यासाठी या देशात शंभराहून अधिक वर्षे प्रयत्न चालू आहेत. 1875 साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि दस्तऐवज जाळले. 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तरीही 1951-52 च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे आढळले की, शेतकऱ्याच्या कर्जातील शंभरपैकी सुमारे 70 रुपये सावकारांचे आणि सहकारी संस्थांचे जेमतेम 3. पुढे 1969 चे बँक राष्ट्रीयीकरण झाले, 1975 पासून ग्रामीण बँका निघाल्या, 1998 पासून किसान क्रेडिट कार्ड आले. (हिंगोली 1999 साली परभणीपासून वेगळा जिल्हा झाला, तरी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक मात्र परभणीचीच राहिली.) तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर केंद्राच्या योजनेनुसार दर 7 टक्के; मुदतीत फेडल्यास 3 टक्के सूट. उरलेला भार उचलून असे कर्ज बिनव्याजी करण्याची घोषणा राज्याने 2021 साली केली. जानेवारी 2025 पासून दोन लाखांपर्यंत तारणाचीही अट नाही. कागदावर याहून स्वस्त पैसा कोणता असावा?

मग माणसे दुकानातच का जातात? अज्ञान, हे सोपे उत्तर झाले. खरे कारण पुष्कळदा वेळेचे आहे. पेरणी जूनमध्ये, कर्ज जुलै-ऑगस्टमध्ये हाती पडले तर दुकानाचे खाते तोवर उघडलेलेच असते. दुसरे कारण सातबाऱ्याचे: जमीन वडिलांच्या किंवा दिवंगत आजोबांच्या नावावर, कसणारा दुसराच, बटाईने करणाऱ्याजवळ तर कागदच नाही. तिसरे कारण जुन्या थकबाकीचे. यातून एक विपरीत गोष्ट घडते. 2008, 2017 आणि 2019 या तिन्ही कर्जमाफ्या बँका व सहकारी संस्थांच्या कर्जांना लागू होत्या. ज्याला बँकेने उभेच केले नाही, ज्याचे सारे देणे दुकानाच्या वहीत होते, त्याला त्यांतून एक पैसाही मिळाला नाही.

देणे हलवावयाचे तर त्याला दोन वाटा आहेत. पहिली सुगीच्या वेळची. दुकानाचे देणे भागविण्यासाठी ऑक्टोबरात पडत्या भावाने सोयाबीन घालणे, हा सर्वांत वाईट मार्ग. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे; बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी 6 टक्क्यांनी मिळू शकते. हळदही तीत येते. वरच्या उदाहरणातील 22,000 रुपये असे उचलून दुकानाचे खाते मिटविले, तर सहा महिन्यांचे व्याज 660 रुपये. वाचतात ते क्विंटलमागचे 200. सगळ्याच समित्या ही योजना राबवीत नाहीत. आपली समिती राबवीत नसेल, तर का नाही, हे विचारण्याचे काम लिहितावाचता येणाऱ्यांचे आहे.

दुसरी वाट साचलेल्या जुन्या देण्याची. खासगी देणेकऱ्यांच्या कर्जात सापडलेल्या अडचणीतील शेतकऱ्याला बँकेने दिलेले कर्ज, रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, अग्रक्रम क्षेत्रातील शेतीकर्जांत मोजले जाते. त्याला पीककर्जाची व्याजसवलत नाही. तरीही शेकडा 24 पासून 60 पर्यंतच्या तुलनेत ते स्वस्तच. मात्र एक पथ्य कडकपणे पाळावे लागते: बँकेच्या पैशातून वही मिटली की ती पुन्हा उघडता कामा नये. नाहीतर एकाच्या जागी दोन कर्जे होतात आणि बँकेचे थकले की सवलतही जाते. या मोहातून नोकरदारही सुटलेला नाही. दुकानातून हप्त्यावर वस्तू घ्यावयाची, कार्डाची किमान रक्कम भरून उरलेली महिन्याला साडेतीन टक्क्यांनी वाढू द्यावयाची, आणि शेजारच्या पगारदार पतसंस्थेकडे मात्र पाहावयाचे नाही, हीही दुकानाचीच वही. कार्डावरील व्याजाला 30 टक्क्यांची मर्यादा घालणारा ग्राहक आयोगाचा 2008 चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

बँकांना एकच सांगावयाचे आहे. मुदत संपत आली की 'नवे-जुने' करण्यासाठी शेतकऱ्याला संपूर्ण मुद्दल आणून भरावे लागते. ते तो खासगी देणेकऱ्याकडून आठ-पंधरा दिवसांसाठी आणतो आणि शेकड्याला रोजाच्या हिशेबाने व्याज मोजतो. सरकारने दिलेली सूट अशा पंधरवड्यात संपून जाऊ शकते. ज्या दिवशी भरणा, त्याच दिवशी नवी मंजुरी आणि खात्यावर रक्कम, एवढी व्यवस्था तालुक्याच्या प्रत्येक शाखेने मार्च ते मे या काळात केली, तर खासगी पैसा सकाळी आणून संध्याकाळी परत करता येईल, आणि जूनच्या खरेदीला शेतकरी दुकानात रोख रक्कम घेऊन जाईल.