विश्लेषण : ‘प्रतिकृती’ रायफल दिसते जुनी, कायद्याला नवी! मग काडतूस कोणते?

जेम्स स्टुअर्टचा ‘विंचेस्टर ७३’ हा चित्रपट १९५० साली आला. त्यातली, चापाखालची कडी खाली-वर करून काडतूस भरण्याची रायफल नंतर असंख्य ‘वेस्टर्न’ चित्रपटांत दिसत राहिली. आज अमेरिकेत ही रायफल नवी कोरी विकत मिळते, तिला प्रतिकृती म्हणतात आणि गोंधळ या शब्दापासूनच सुरू होतो. आपल्याकडे प्रतिकृती म्हटले की दिवाणखान्यातली शोभेची वस्तू डोळ्यांसमोर येते. ही मात्र खरी बंदूक आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि शनिवार-रविवारी नेमबाजीच्या मैदानावर जाणाऱ्या मराठी माणसांनाही तिचा मोह पडू शकतो. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

या रायफली बनतात कुठे?

मूळ विंचेस्टर १८७३ सालची. सात लाखांहून अधिक रायफली तयार झाल्यावर तिचे उत्पादन थांबले. आजच्या बहुतेक प्रतिकृती इटलीतील ब्रेशिया परिसरातून येतात. तिथली उबेर्ती ही कंपनी १९५९ मध्ये सुरू झाली. अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी जवळ आल्याने जुन्या रिव्हॉल्व्हरांना मागणी येणार, हा त्यामागचा हिशेब होता. खुद्द विंचेस्टर नावाची आजची १८७३ जपानमधील मिरोकू कंपनी बनवते. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात ‘काउबॉय ॲक्शन’ नेमबाजी सुरू झाली आणि या बाजाराला कायमचे गिऱ्हाईक मिळाले.

पोलाद नवे, मग मर्यादा जुन्या का?

विक्रेता हमखास सांगतो, ‘पोलाद आधुनिक आहे, काळजी नको.’ हे अर्धसत्य आहे. पोलाद आधुनिक आहे हे खरे, पण यंत्रणा दीडशे वर्षांपूर्वीचीच आहे. १८७३च्या रायफलीत काडतुसाला मागून रोखून धरणारा भाग गुडघ्यासारख्या सांध्यावर टेकलेला असतो. पाय सरळ ताणला की गुडघा वजन पेलतो, तसा हा सांधा सरळ होऊन धक्का सोसतो. काळ्या दारूच्या मंद दाबासाठी ही रचना पुरेशी होती. पुढे जॉन ब्राउनिंगने १८९२च्या रायफलीत पोलादाचे दोन उभे अडसर बसवले. ती रचना पुष्कळच मजबूत आहे. दुकानाच्या फळीवर दोन्ही रायफली शेजारी ठेवल्या तर नवख्याला त्या बहिणी-बहिणी वाटतात, पण एकीला चालणारे काडतूस दुसरीला चालेलच असे नाही.

ही सूचनाही नवी नाही. .४४-४० काडतुसाची जास्त वेगाची आवृत्ती खुद्द विंचेस्टरनेच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढली होती. ती १८९२च्या रायफलीसाठी आहे, १८७३मध्ये वापरू नका, असे तेव्हाही बजावले होते.

काडतुसाचे नाव जुळले की झाले?

नाही, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. .४५ कोल्टचेच उदाहरण घ्या. अमेरिकी उद्योगाच्या प्रमाणानुसार या काडतुसाचा कमाल दाब १४ हजार पौंड प्रति चौरस इंच असतो. पण त्याच नावाने, त्याच मापाची, जवळपास दुप्पट दाबाची काडतुसेही बाजारात मिळतात. ती काही दणकट आधुनिक बंदुकांसाठी असतात. खोक्यावर बारीक अक्षरांत तसे लिहिलेले असते. काडतूस १८७३च्या रायफलीत अलगद बसते आणि तिथेच माणूस फसतो.

यावर एक हुशार प्रश्न येतो : .३५७ मॅग्नम काडतुसाचा दाब ३५ हजार असतो आणि ते याच रायफलीत चालते, मग .४५ला ३० हजार का चालू नये? उत्तर काडतुसाच्या बुडात आहे. सांध्यावर येणारा धक्का दाबाइतकाच बुडाच्या क्षेत्रफळावरही अवलंबून असतो. ढोबळ हिशेब केला तर .३५७चा धक्का १,८०० किलोच्या आसपास जातो, तर नेहमीच्या .४५चा साधारण १,१५० किलो. तेच .४५ काडतूस ३० हजारांच्या दाबाचे घेतले, तर धक्का अडीच हजार किलोच्या जवळ पोहोचतो. शिवाय .४५चे भोक मोठे, म्हणजे त्याच जाडीच्या नळीत भिंत पातळ उरते. हा सगळा खेळ नेमबाजाच्या गालापासून काही इंचांवर चालू असतो.

मग निवड कशी करावी?

माझ्या मते आधी काडतूस ठरवावे, मग रायफल. ऐतिहासिक अस्सलपणा हवा असेल तर .४४-४०. .४५ कोल्टची १८७३ रायफल त्या काळी बनतच नव्हती. त्या काडतुसाची कड फार बारीक होती आणि बाहेर खेचणाऱ्या आकड्याला ती नीट पकडता येत नसे. .४४-४०चे पातळ पितळ फुगून नळीच्या तोंडाशी घट्ट बसते, त्यामुळे काळ्या दारूची काजळी मागे कमी येते. पण ते महाग आणि सहजासहजी न मिळणारे. एक सावधगिरी : नावात ४४ आहे म्हणून .४४ मॅग्नमशी त्याची अदलाबदल करता येत नाही.

नवख्याने .३५७ची रायफल घेऊन तीत .३८ स्पेशल वापरावे, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. ते काडतूस स्वस्त, मवाळ आणि कुठेही मिळणारे आहे. याच्या उलट, म्हणजे .३८च्या बंदुकीत .३५७, कधीही नाही. मात्र १८७३ची यंत्रणा काडतुसाच्या लांबीबाबत नखरेल असते. गोळी अगदी आखूड असेल तर मागचे काडतूस उचलणाऱ्या खाचेत अर्धवट शिरते आणि कडी अडकते. म्हणून पहिल्यांदा एकच खोके घेऊन पाहावे. स्वस्त मिळाले म्हणून हजार काडतुसे उचलू नयेत. बरीच .३८ झाडल्यावर नळीच्या तोंडाशी काजळीचे कडे साचते. ते साफ केल्याशिवाय .३५७ भरू नये.

गोळीचे टोक हा आणखी एक मुद्दा. नळीखालच्या लांब पोकळीत काडतुसे एकामागे एक बसतात आणि प्रत्येकाचे टोक पुढच्याच्या पेटवणाऱ्या टोपीवर टेकते. कडक, टोकदार गोळी असेल तर धक्क्याने आतल्या आतच स्फोट होऊ शकतो. त्यामुळे सपाट टोकाचीच गोळी घ्यावी, किंवा याच कामासाठी बनवलेली मऊ प्लास्टिक टोकाची.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी तयार झालेली बंदूक ‘पुराणवस्तू’ ठरते. आजच्या काडतुसांवर चालणारी प्रतिकृती मात्र तशी ठरत नाही. तिच्यासाठी दुकानात ४४७३ क्रमांकाचा अर्ज आणि पार्श्वभूमी तपासणी लागतेच. ग्रीन कार्डधारक ती घेऊ शकतात. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना मात्र बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही सर्वसाधारणपणे बंदी आहे. वैध शिकार परवाना असणे, यासारखे मोजके अपवाद आहेत. ‘मित्राच्या नावावर घेऊ, वापरू मी’ हा आपल्याकडचा जुगाड तिथे थेट गुन्हा आहे. मित्र अर्जावर खरा खरेदीदार म्हणून खोटी सही करतो आणि दोघेही अडकतात. काही राज्यांचे नियम याहून कडक असल्याने पैसे भरण्याआधी ते पाहावेत.

आणि ही रायफल पुढे कधी तरी पुण्या-नाशिकच्या घरात भिंतीवर लावू, असा बेत असेल, तर तो आधीच सोडून द्यावा. भारतातही ती शोभेची वस्तू ठरत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार तिला परवाना लागतो, आयातीवर कडक निर्बंध आहेत आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात.