विश्लेषण : एचआयव्हीबाधित महिलांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका सहापट का?

एचआयव्हीवरील औषधांमुळे बाधित महिलांचे आयुर्मान वाढले आहे. भारतात २००४ पासून ही औषधे सरकारी एआरटी केंद्रांत मोफत मिळतात. मात्र, याच महिलांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर महिलांच्या तुलनेत सुमारे सहापट असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वेळीच तपासणी झाली तर हा कर्करोग टाळता येतो. मग धोका इतका जास्त का, याविषयी…

एचआयव्हीमुळे थेट कर्करोग होतो का?

नाही. गर्भाशयमुखाच्या जवळपास सर्व कर्करोगांमागे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू म्हणजे एचपीव्ही असतो. त्यातही १६ आणि १८ हे प्रकार सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारणीभूत ठरतात. योगायोग असा, की २००८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या दोन्ही विषाणूंवरील संशोधनाला विभागून मिळाले. एचपीव्ही आणि कर्करोगाचा संबंध दाखवणारे हॅराल्ड झुर हाउजेन, तसेच एचआयव्ही शोधणारे फ्रान्स्वाज बारे-सिनुसी व ल्यूक माँतान्ये हे त्याचे मानकरी होते. त्याआधीच १९९३ मध्ये अमेरिकेच्या ‘सीडीसी’ने पसरलेल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा समावेश एड्सची निदर्शक लक्षणे ठरवणाऱ्या आजारांत केला होता.

गर्भाशयमुखाच्या पेशींत काय घडते?

गर्भाशयमुखाच्या बाहेरील बाजूस चपट्या पेशींचे अनेक थर असतात, तर आतल्या नलिकेला उभट पेशींचा एकच थर असतो. हे दोन थर मिळतात त्या पट्ट्यातील पेशी सतत रूप बदलत असतात. एचपीव्ही येथील बारीक ओरखड्यांतून सर्वांत खालच्या थरापर्यंत पोहोचतो. त्याची ‘ई ६’ आणि ‘ई ७’ ही प्रथिने पेशींची बेसुमार वाढ रोखणारी यंत्रणा निकामी करतात. आधी कर्करोगपूर्व बदल दिसतात आणि ते वाढत गेले तर कर्करोग होतो.

मग एचआयव्हीची भूमिका काय?

बहुतेक महिलांचे शरीर एचपीव्हीचा संसर्ग एक-दोन वर्षांत स्वतःच संपवते. हे काम सीडी ४ पेशींच्या मदतीने होते आणि एचआयव्ही नेमका याच पेशींवर घाला घालतो. पहारेकरीच कमी झाल्याने एचपीव्ही ठाण मांडून बसतो. एकाच वेळी त्याचे अनेक प्रकार आढळण्याचे प्रमाणही या महिलांत जास्त असते. एरवी पेशींतील बदलांपासून कर्करोगापर्यंत १५ ते २० वर्षे लागतात. प्रतिकारशक्ती क्षीण असेल आणि उपचार नसतील, तर हा काळ ५ ते १० वर्षांवर येऊ शकतो.

एआरटी सुरू असेल तर धोका टळतो का?

कमी होतो, पण पूर्णपणे टळत नाही. औषधे लवकर सुरू झाली आणि नियमित घेतली, तर सीडी ४ पेशी सावरतात. मात्र, त्याआधी झालेले बदल आपोआप पुसले जातीलच असे नाही. कर्करोगपूर्व भाग गोठवून, उष्णतेने जाळून किंवा विद्युत तारेने काढून टाकता येतो. या महिलांत तो पुन्हा उद्भवण्याची शक्यता अधिक असल्याने उपचारानंतर १२ महिन्यांनी फेरतपासणी आवश्यक मानली जाते.

तपासणी कधी करावी?

भारतात सर्वसाधारण महिलांसाठी ३० ते ६५ या वयात दर पाच वर्षांनी तपासणीचे धोरण आहे. त्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पांढरे पडणारे भाग पाहिले जातात. एचआयव्हीबाधित महिलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस वेगळी आहे. सुरुवात २५ व्या वर्षी आणि एचपीव्ही डीएनए चाचणी दर तीन ते पाच वर्षांनी. संबंधानंतर किंवा पाळी थांबल्यावर रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव ही लक्षणे दिसल्यास मात्र पुढच्या तपासणीची वाट पाहू नये. कर्करोगपूर्व टप्प्यात बहुधा काहीच लक्षण नसते.

महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो?

तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटल्याचे त्यात दिसले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाने आरोग्यसेविकांकरवी ॲसिटिक आम्लाची चाचणी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हे अभ्यास सर्वसाधारण महिलांवरील होते. तरी साधी चाचणी गावापर्यंत नेता येते, हे त्यांतून सिद्ध झाले.

लस उपयोगी आहे का?

होय, पण ती संसर्ग होण्याआधी घेतल्यास सर्वाधिक. सर्वसाधारण मुलींना एक किंवा दोन मात्रा पुरतात. एचआयव्हीबाधितांना किमान दोन आणि शक्यतो तीन मात्रा द्याव्यात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस उपलब्ध आहे. मात्र, लस घेतली तरी तपासणी चुकवता येत नाही.

अडचण कुठे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार ३० ते ४९ वयोगटातील जेमतेम १.९ टक्के महिलांनी ही तपासणी कधी तरी केली होती. एचआयव्हीबाधित महिला मात्र औषधांसाठी एआरटी केंद्रात नियमित येतच असतात. त्याच भेटीत तपासणी झाली तर वेगळी फेरी, बुडणारी मजुरी आणि नव्या ठिकाणी आजार सांगण्याचा संकोच, तिन्ही टळतात. एचआयव्हीपासून वाचवलेला जीव टाळता येण्याजोग्या कर्करोगाने जाऊ नये, यासाठी या दोन सेवा एका छताखाली आणणे हाच सर्वांत जवळचा मार्ग आहे.