फुकटचा पहारेकरी

आमच्या तुडीलात दिवसाढवळ्या दाराला कडी घातली तर शेजारी विचारतात, ‘काय हो, बरं नाही का?’ अशा गावात आता घरच्या इंटरनेटला पहारेकरी हवा, म्हणजे फायरवॉल! आणि जाणकारांचा आग्रह असा, की माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर त्या कामाला जुंपावा. का? तर तो फुकट आहे!

माझा राग आहे तो या ‘फुकट’वर. हे धूड ६० वॅट खाते असे धरा. चोवीस तास, बारा महिने म्हणजे ५२६ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर सव्वापाच हजार! १० वॅटची नवी डबी ८८ युनिटांत भागवते. ती १० हजारांना पडली तरी अडीच वर्षांच्या आत पैसे वसूल. हत्ती बक्षीस मिळाला तरी चारा आपल्यालाच घालावा लागतो.

पण मी म्हणतो, डबी तरी कशाला? घरच्या राउटरमध्ये साधी फायरवॉल बहुधा असतेच. त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला, अपडेट वेळच्या वेळी घ्या. खर्च शून्य. एवढे करूनही कुणी फोनवर ओटीपी सांगत सुटला, तर त्याच्यापुढे चीनची भिंतसुद्धा थिटी!