शास्त्र डबीत मावत नाही

रात्रीची जेवणे आटोपली की अनेक मध्यमवर्गीय मराठी घरांत एक विधी नेमाने पार पडतो. फडताळातील डबी खाली येते, चमचाभर चूर्ण कोमट पाण्याबरोबर घशाखाली जाते आणि घरातील वडीलधारे निश्चिंत मनाने अंथरुणाला पाठ टेकतात. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे हा क्रम अखंड चालू असतो. ‘विलायती गोळ्यांची सवय नको, आपले आयुर्वेदिक बरे,’ हे वर अभिमानाने सांगितले जाते. डबीवर धन्वंतरीचे चित्र असते, नावही संस्कृत असते; मग शंका कोणी आणि का घ्यावी?

शंका घ्यायलाच हवी. बाजारातील अशा कितीतरी चूर्णांचा खरा कर्ता-करविता असतो तो सोनामुखीचा पाला. चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या संहितांत ही वनस्पती आढळत नाही. अरबी वैद्यकाने ती प्रचारात आणली, पुढे ती येथे रुळली आणि आज तमिळनाडूतील तिरुनेलवेलीच्या शेतांतून तिची जगभर निर्यात होते. याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. ‘इसबगोल’ हे नाव तरी कुठे संस्कृत आहे? घोड्याच्या कानाच्या आकाराचे बी, असा त्या फारसी शब्दाचा अर्थ. आणि आज गुजरात-राजस्थानातील शेतकरी ते पिकवून साऱ्या जगाला पुरवतात. चांगले ते कोठूनही घ्यावे, हा या भूमीतील वैद्यांचा बाणाच होता. तक्रार आहे ती वापराविषयी. सोनामुखी आतड्याला चाबूक मारून कामाला लावते. अमेरिकेत या पाल्याच्या गोळ्यांच्या वेष्टनावर ‘डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सात दिवसांपेक्षा अधिक घेऊ नये’ अशी सूचना असते. तोच पाला येथे संस्कृत नाव धारण करताच आजन्म घेण्याजोगा होतो, हा चमत्कार शास्त्राचा नव्हे, जाहिरातीचा आहे.

शास्त्र काय सांगते, हे पाहण्याची तसदी मात्र कुणी घेत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘नवेगान्धारणीय’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. शरीराचे तेरा नैसर्गिक वेग कोणते आणि ते अडवल्यास काय भोगावे लागते, याचे वर्णन तेथे आहे. शौचाचा वेग अडवला तर पोट फुगते, डोके दुखते, पोटऱ्यांत गोळे येतात, वायू आणि मल दोन्ही कोंडतात, असे चरकाचार्य सांगतात. वाग्भट त्याही पुढे जातात. वेग अडवणे जितके घातक, तितकेच तो बळाने निर्माण करणेही घातक, आणि या दोहोंत सर्व रोगांचे मूळ आहे, असे त्यांचे मत. म्हणजे दिवसा कचेरीत वेग दाबून ठेवायचा आणि रात्री चूर्णाने तो ओढून आणायचा, हा ज्यांचा दिनक्रम आहे ते गृहस्थ वाग्भटांची एक नव्हे, दोन्ही आज्ञा एकाच दिवसात मोडतात. आणि तेही आयुर्वेदाच्या नावाने!

विरेचन आयुर्वेदात आहेच. पण ते शोधनकर्म आहे. त्याआधी स्नेहन-स्वेदन, नंतर पेज-विलेपीपासून चढत्या क्रमाने आहार, असा त्याचा विधी. रोग्याचा कोठा मृदू आहे, मध्यम आहे की क्रूर, याची परीक्षा आधी करायची. मृदू कोठ्याच्या माणसाला नुसते दूधही पुरते, तर क्रूर कोठ्यावर तीव्र औषधही चटकन चालत नाही. सुखाने रेच होण्यासाठी निशोत्तर, सौम्य रेचासाठी बहाव्याच्या शेंगेतील मगज, अशी तारतम्याची निवड चरकांनी करून ठेवली आहे. घराघरांतल्या हिरड्याचेच पाहा. भावप्रकाशाच्या मते हिरडा चावून खाल्ला तर अग्नी वाढवतो, वाटून घेतला तर कोठा साफ करतो आणि उकडून घेतला तर उलट मल बांधतो. अनुपानही ऋतूप्रमाणे बदलते: पावसाळ्यात सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, ग्रीष्मात गूळ. एकाच फळाबाबत जेथे इतका विवेक, तेथे आजोबांना, नातवाला आणि बाळंतिणीला एकाच डबीतून एकच चमचा देणाऱ्या व्यवहाराला आयुर्वेद म्हणावे तरी कसे? (सहाणेवर मोजके वळसे देऊन बाळगुटी उगाळणाऱ्या आजीला हा विवेक ग्रंथ न वाचताही ठाऊक होता.)

‘वनस्पतीच ती, तिचा कसला अपाय?’ हा यावरचा ठरीव युक्तिवाद. बचनागही वनस्पतीच आहे. युक्तीने योजले तर विषही औषध होते आणि अयुक्तीने योजले तर औषधही विष, हे खुद्द चरकांचे सांगणे. तीव्र रेचके सतत घेतल्याने शरीरातील पोटॅशियम घटते, अशक्तपणा येतो, हृदयाच्या ठोक्यांवरही परिणाम होऊ शकतो. याहून मोठा धोका वेगळाच आहे. पन्नाशीनंतर शौचाची सवय एकाएकी बदलणे, मलातून रक्त जाणे, कारणावाचून वजन उतरणे या खुणा तातडीने तपासून घ्यायच्या असतात. त्यामागे आतड्याचा कर्करोगही असू शकतो. चूर्णाचा डोस वाढवून ही लक्षणे महिनोन्‌महिने झाकणारे लोक परंपरेचा सन्मान करीत नाहीत, जिवाशी खेळतात. अशा वेळी खरा वैद्यही प्रथम तपासणीलाच पाठवील.

बिघाड मुळात ताटात आणि घड्याळात आहे. भाकरी, पालेभाजी, उसळ आणि ताक यांची जागा मैद्याची बिस्किटे आणि पाव यांनी घेतली. जेवण रात्री दहावर गेले. जठराचे दोन भाग अन्नाने, एक द्रवाने भरून चौथा वायूसाठी मोकळा ठेवा, हे वाग्भटांचे माप लग्नाच्या पंगतीत कुणाला आठवते? लंघनाचेही तेच. पोटाला विश्रांती मिळावी म्हणून धरलेली एकादशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याच्या पापडांवर साजरी होते, आणि द्वादशीला पुन्हा डबी निघते. युगांडात अनेक वर्षे काम केलेले आयरिश शल्यविशारद डेनिस बर्किट यांनी १९७०च्या दशकात चोथायुक्त अन्नाचे महत्त्व पाश्चात्त्यांना पटवले, तेव्हा तिकडे लोक कोंड्याकडे वळले. इकडे त्याच काळात घरोघरी पिठाचा कोंडा चाळून टाकणे प्रतिष्ठेचे ठरत होते.

आणि वेगावरोधाचे काय? उजेडात आडोसा नाही म्हणून खेड्यापाड्यांतील लाखो स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या अंधार पडेपर्यंत वेग दाबून धरला. २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानाने शौचालये उभारली, ही आयुर्वेदाची फार मोठी सेवा म्हटली पाहिजे. पण शहरातल्या सुस्थित शाळांतही मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण तेथील शौचालयात जाववत नाही. सकाळी सहाच्या बससाठी मुलाला झोपेतून ओढून काढायचे, दूध घशात ओतायचे आणि शौचाला पाच मिनिटेही न देता दाराबाहेर ढकलायचे, हे संस्कारी म्हणवणाऱ्या घरांतही चालते. त्या मुलाचा कोठा दहाव्या वर्षी जड होतो आणि विसाव्या वर्षी त्याच्या हाती वडिलांचीच डबी येते. पालकसभेत गुणांवर तास-तासभर चर्चा झडते. शौचालयाच्या दाराला कडी आहे का, नळाला पाणी आहे का आणि तासाच्या मध्येच उठून जायची परवानगी बाई देतात का, हे तीन प्रश्न विचारायला तेथे एकही पालक उभा राहत नाही.